तीन स्वर बसलेला स्टीलपॅन

मी एक जुना स्टीलपॅन आहे. मित्रांनो, नाव ऐकून मला गॅसवर चढवू नका. मी वाद्य आहे, तेही तेलाच्या पिंपापासून घडवलेलं. कतारमध्ये अल खोरला, गॅस कंपनीत ऑपरेटर असलेल्या मर्विनच्या घरी मी राहतो. मला मराठी कसं येतं, तेही सांगतो.

माझा जन्म फार दूर, कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटावर झाला. मर्विनच्या वडिलांनी एका रिकाम्या पिंपाचा तळ घणाने ठोकून कढईसारखा खोलगट केला, त्यावर स्वरांचे गोल आखले आणि मला आगीवर तापवलं. मग छोट्या हातोडीने एकेक स्वर जुळवायला त्यांना नऊ दिवस लागले. त्या बेटावर ज्यांनी स्टीलपॅन घडवला, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले होते. पुढे सरकारने त्यांच्या ढोलांवर बंदी घातली, तेव्हा ते बांबू आपटू लागले, नंतर बिस्किटांचे डबे आणि शेवटी पिंपं. आमच्या घराण्याचा हट्टीपणा तिथून आला आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

मर्विन नोकरीसाठी इकडे आला तेव्हा त्याने मला ब्लँकेटात गुंडाळून आणलं. त्याची मुलगी कीझिया इथेच जन्मली. पाचव्या वर्षी तिने रबर लावलेल्या दोन काड्या हातात घेतल्या. पुढे ती इतकं छान वाजवू लागली, की शिफ्ट संपवून आलेला मर्विन बूट न काढता दारातच ऐकत बसायचा. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते.

दहाव्या वर्षी सुट्टीत ती त्रिनिदादला जाऊन आली. तिथे चुलत भावंडांनी तिच्या बोलण्याची नक्कल केली आणि ‘अरबीण आली’ म्हणून चिडवलं. इथे शाळेत सगळे तिला आफ्रिकेतली समजत. जन्म कतारचा, ओळखपत्रावर देश त्रिनिदाद, आणि दोन्हीकडे ती पाहुणी. तिने काड्या ड्रॉवरमध्ये टाकल्या. मला फार वाईट वाटलं.

त्याच सुमारास कंपनीने मर्विनला दुसरं घर दिलं. सामान हलवताना मला चार दिवसांसाठी शेजारी, नाशिकच्या सुरेशराव आणि सरोजताईंकडे ठेवलं. चार दिवसांची दोन वर्षं झाली. मराठी मी तिथेच शिकलो. त्यांची लेक आसावरी आईच्या मराठीला इंग्रजीत उत्तर द्यायची. मी मात्र कान देऊन ऐकायचो. एकदा एप्रिलमध्ये सरोजताईंनी माझा खोलगटपणा हेरला, मला घासूनपुसून गच्चीवर नेलं आणि माझ्यात सांडगे वाळत घातले. वरचं कापड उडू नये म्हणून कडांवर सुरेशरावांचे डंबेल ठेवले. सांडगे झकास वाळले म्हणे. त्या उन्हात आणि त्या ओझ्याखाली, घसा बसावा तसे माझे तीन स्वर बसले.

या वर्षी कीझियाच्या शाळेत ‘इंटरनॅशनल डे’ ठरला. प्रत्येक देशाचं एक टेबल, आफ्रिकेतल्या देशांचं मिळून एक, त्यावर झेंडा आणि खाऊ. त्रिनिदादची ती एकटीच, म्हणून वर्गशिक्षिका मालविका मॅडमनी तिचं नाव आफ्रिकेच्या टेबलावर लिहिलं. तिथल्या मुली तिच्या मैत्रिणीच होत्या, पण त्यांचे नाच तिला येत नव्हते आणि त्यांची गाणी तिच्या घरात कुणी म्हणत नव्हतं. त्याच संध्याकाळी ती सरोजताईंच्या दारात उभी राहिली आणि तिने मला मागून घेतलं.

घरी तिने काड्या टेकवल्या आणि माझ्या तीन जागांतून नुसता ठप्प आवाज आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरोजताईंना कळलं तशा त्या धावत आल्या आणि हिंदीत पुन्हा पुन्हा माफी मागू लागल्या. मर्विनने बसलेल्या स्वरांवरून बोटं फिरवली. तो म्हणाला, हे जुळवणारा माणूस तिकडे बेटावरच मिळेल. इथे एक घाव चुकला तर पॅन कायमचा जाईल. पुढच्या वर्षी वाजव, आत्ता लोक हसतील.

“पुढच्या वर्षीही मी हीच असणार, डॅडी,” कीझिया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमकडे गेली आणि वेगळी जागा मागितली. एका मुलीसाठी टेबल मांडता येत नाही, असं मॅडमनी समजावलं. मग त्यांनी मायेनेच विचारलं, तू स्वतःला नेमकी कुठली समजतेस?

“आफ्रिका माझ्या पूर्वजांची, त्रिनिदाद डॅडींचं. मी अल खोरची आहे. यातलं काहीच मला खोडायचं नाही, मॅडम. टेबल नको, फक्त उभं राहायला जागा द्या.”

मॅडमनी तिला हॉलमधली पाण्याच्या मशीनशेजारची जागा दिली.

त्यानंतर सात दिवस आम्ही दोघांनी घाम गाळला. आजोबांची एक आवडती धून तिने वाजवायला घेतली. जिथे माझा स्वर बसला होता, तिथे कीझिया काडी उलटी करून लाकडी टोकाने माझ्या कडेवर टक् असा ठोका द्यायला शिकली. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. तिची बोटं सोलली, पण तिने काड्या खाली ठेवल्या नाहीत.

त्या दिवशी आमच्यामागे ना झेंडा होता, ना खाऊ. पहिल्या ‘टक्’ला काही मुलं हसली. तरी कीझिया थांबली नाही. दुसऱ्या फेरीला आफ्रिकेच्या टेबलावरच्या मुलींनी नेमक्या त्या ठिकाणी टाळी दिली. तिसऱ्या फेरीला सगळा हॉल टाळी देत होता. कंपनीच्या बसमधून थेट आलेला मर्विन मागे उभा होता आणि खुशाल सगळ्यांसमोर रडत होता.

आता येत्या सुट्टीत मला बेटावर दुरुस्तीला न्यायचं ठरलं आहे. तोवर मला भिंतीवर टांगून ठेवू, असं मर्विन म्हणाला. कीझियाने ऐकलं नाही. ती रोज संध्याकाळी मला वाजवते.

मित्रांनो, तुमच्या आजी-आजोबांनीही तुमच्यासाठी काहीतरी मागे ठेवलं असेल. ते उन्हात टाकू नका आणि शोभेला टांगूनही ठेवू नका. ते थोडं मोडलेलं असेल, तुम्हाला अर्धंच येत असेल, ऐकणारे हसतील. हसू द्या. जेवढे स्वर शिल्लक आहेत, तेवढे आज वाजवा.