बेलभंडार उचलून विकलेली मोटार

मी एक जुनी काळी मोटार आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटात पेट्रोलपेक्षा राग जास्त आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी चकचकीत होते. पुण्याच्या एका डॉक्टरांनी मला पोटच्या पोरीसारखं जपलं. पुढे कवठे येमाईच्या हौसरावानं मला विकत घेतलं. त्यानं माझ्यातून कांद्याच्या गोण्या वाहिल्या, तेलपाणी कधी पाहिलं नाही. माझा गिअरबॉक्स घरघरू लागला. तो आवाज दबावा म्हणून त्यानं आत लाकडाचा भुसा भरला आणि मला विकायला काढलं. मुडदा बशिवला त्याचा.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. दौंडच्या मच्छिंद्रला शिरूर-दौंड पॅसिंजर वाहायचे होते. त्यासाठी त्याच्या बायकोनं, कस्तुराबाईनं, अंगावरचं सगळं सोनं मोडलं. मच्छिंद्र म्हणाला, "एकदा मिस्तरीला दावून घिऊ." तेवढ्यात हौसरावानं देव्हाऱ्यातला बेल आणि भंडारा तळहातावर घेतला.

"खंडोबाची आण. गाडीत कायबी खोट न्हाई."

आमच्याकडे बेलभंडार उचलल्यावर कुणी तपासत बसत नाही. तो देवावर अविश्वास होतो. मच्छिंद्रनं तिथंच पैसे दिले.

आठवडाभरात माझ्या गिअरचे दात तुटले. मिस्तरीनं गिअरबॉक्स उघडला, तर तेलकट भुसा निघाला. मच्छिंद्र रडला. कस्तुराबाई रडली नाही. तिनं मला ट्रकला बांधून कवठ्याला आणलं, हौसरावाच्या दारात आडवं लावलं आणि मागच्या सीटवर भाकरीचं फडकं सोडून ठाण मांडून बसली.

"बाई, इथं का बसलाय?" लोक विचारत.

"बेलभंडार उचलून इकलेली गाडी हाय," ती सांगे आणि तो भुसा दाखवी. मला फार बरं वाटे.

ती अशी बसलेली असतानाच, शेजाऱ्याशी चाललेल्या शेताच्या बांधाच्या भांडणात हौसराव पंचांसमोर बेलभंडार उचलायला गेला. पंचांतले म्हातारे ज्ञानदेव आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे हौसराव. तुझ्या हातात त्यो नुसता पाला हाय." बांध गेला.

त्याच सांजेला त्यानं कस्तुराबाईचे पैसे आणून दिले. "आता ही गाडी न्या."

"गाडी तुमची हाय," ती म्हणाली आणि माझं दार आपटून निघून गेली.

आता मला भंगारवालासुद्धा त्याच्या हातून घेत नाही. मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात असं तुम्हाला शिकवतात. मला मात्र कुणी पुसू नका, छपराखाली नेऊ नका. शेवटचा पत्रा गळेपर्यंत, रोज सकाळी दार उघडताच हौसरावाला आधी मीच दिसले पाहिजे.