मे महिन्यातल्या वीस माद्या

काचेच्या बारीक नळीत रक्ताचे दोन थर झाले होते. खाली लाल, वर फिकट पिवळा. भानुमतीबाईंनी नळी पट्टीला लावली, डोळा तिच्या बरोबर समोर आणला आणि वाचलं : चोवीस. म्हणजे शंभर भाग रक्तात लाल पेशी चोवीस भाग. शेजारच्या नळीत छत्तीस भरल्या होत्या. पहिलं रक्त मादीचं, दुसरं नराचं. दोघं एकाच शेडमधली, एकाच दाण्यावर वाढलेली. बाहेर पत्र्याखाली पारा बेचाळीसवर होता.

"किती भरलं, बाई?" शेडवरच्या पुंजाराम शिपायानं विचारलं. पुढची कोंबडी त्याच्या काखेत चोच उघडी टाकून धापा टाकत होती.

"चोवीस."

"अन् थंडीत?"

"तीस होतं."

"म्हंजी सहा गेलं. अन् कोंबड्याचं?"

"दोन."

"त्याचं कशानं जातंय! ना अंडं, ना काय. बांग दिली की ड्यूटी संपली. आपल्या सायबावानी."

भानुमतीबाई हसल्या नाहीत. पण त्याला गप्पही केलं नाही.

साहेब म्हणजे डॉ. मधुसूदन धारूरकर, चिकलठाण्याच्या या कुक्कुट संशोधन केंद्राचे प्रमुख. आज तीन वाजता बाहेरून तपासणीस येणार होते. त्यांचा शेरा चांगला पडला, की धारूरकर वरच्या जागेवर जाणार, हे शेडमधल्या झाडूवाल्या द्वारकाबाईंनाही ठाऊक होतं. आणि धारूरकरांचं सगळं नाव उभं होतं ते एका पेपरवर : ऋतू आणि लिंगभेद यांचा कोंबड्यांच्या रक्तावर होणारा परिणाम.

तो पेपर त्र्याहत्तर सालचा. त्या दुष्काळात केंद्रावर एक दिवसाआड टँकर यायचा. मे महिन्यात नरांचं रक्त सोमवारी काढून झालं. माद्यांचं बुधवारी काढायचं होतं. मंगळवारी दुपारी टँकर आलाच नाही आणि संध्याकाळपर्यंत नोंदीतल्या वीसच्या वीस माद्या मेल्या. भानुमतीबाईंनी त्यांच्या पायातल्या क्रमांकाच्या कड्या कापून काढल्या होत्या.

धारूरकरांनी तेव्हा खुर्ची ओढून त्यांना बसायला सांगितलं होतं. एवढी एकच वेळ. "थंडीतले आकडे घ्या आणि प्रत्येकात दोन कमी करा. नरांचे दोननंच उतरलेत ना? मग मादी काय वेगळी असणार? वर्षाचं काम वाया घालवायचं का? पेपरवर आपलं दोघांचं नाव घालू."

नाव. एम.एस्सी. होऊन अठरा वर्षं पिंजरे मोजलेल्या बाईला तो शब्द पुरला. त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात मेलेल्या वीस माद्यांचं रक्त लिहून काढलं.

पेपर छापून आला तेव्हा वर एकच नाव होतं. भानुमतीबाई सापडल्या त्या शेवटच्या ओळीत : कोंबड्या धरण्यास मदत केल्याबद्दल आभार. त्या पेपरवरून पुढं गावोगाव पत्रक वाटलं गेलं, की उन्हाळ्यात माद्यांची वेगळी काळजी घ्यायची गरज नाही. एका मे महिन्यात दौलताबादची सरूबाई पाटीभर मेलेल्या कोंबड्या घेऊन आली आणि टेबलावर पाटी आदळून म्हणाली, "तुमचा कागुद वाचून नराला अन् मादीला एकच सावली केली म्या. आता हा कागुद शिजवून खाऊ का?"

भानुमतीबाईंना तिचं वाईट वाटलं होतं. पण इतक्या वर्षांनी स्वतःशी खोटं बोलण्यात अर्थ नव्हता : त्यांना झोंबत होती ती शेवटची ओळच. धरण्यास मदत.

म्हणून पेपर छापून आल्यापासून प्रत्येक मे महिन्यात त्यांनी वीस नर आणि वीस माद्यांचं रक्त काढलं, दुपारी दोन वाजता. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही. आकडे थंडीतल्या आकड्यांशेजारी एका नोंदवहीत लिहायचे, वर्षाला एक पान, आणि महिनाअखेरीला वही साहेबांपुढं ठेवायची. धारूरकर वही उघडतसुद्धा नसत. पान दाखवलं की खाली सही. त्यांच्या पेपरला खोटं ठरवणारी पंधरा पानं झाली होती आणि पंधराही पानांवर त्यांचीच सही होती. सही वाळेपर्यंत भानुमतीबाई टीपकागद हातात घेऊन शांत उभ्या राहत. वर्षातला तो त्यांचा सणच होता म्हणा ना.

फक्त बोलणं राहून गेलं होतं. आधी साहेबांच्या हातचे गोपनीय अहवाल होते, मग बढती. आता तर जुलैअखेर निवृत्ती, तेव्हा त्यानंतर बोलू, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं, पुंजारामला सांगितलंही होतं.

"तवा कोन इचारतंय तुमाला?" शेवटची कोंबडी सोडत पुंजाराम म्हणाला. त्या माद्या पुरायला तोच होता, त्याला सगळं माहीत होतं. "रिटायर झाल्यावर बोललं की म्हातारीचं गाऱ्हाणं. नोकरीत बोललं तर जबाब हाय. पर तुमाला पेन्शन पायजे. मलाबी पायजे. राहू द्या."

भानुमतीबाईंनी सुई उकळत्या पाण्यात टाकली.

तीनला गाडी आली. तपासणीस नानासाहेब वयानं उतरलेले, मानेभोवती ओला रुमाल गुंडाळलेले. धारूरकर त्यांच्या अर्धं पाऊल पुढं.

"ह्या आमच्या बाई," धारूरकर म्हणाले. "शास्त्रातलं आम्ही बघतो, कोंबडी धरावी मात्र बाईंनी. हात फार हलका."

नानासाहेबांनी मान हलवली. त्यांचं लक्ष टेबलावरच्या उघड्या वहीकडं गेलं होतं. बोटानं ते रकाना उतरत खाली गेले, मग मागची पानं उलटली. एक वर्ष, दुसरं, तिसरं.

"धारूरकर, इथं दर उन्हाळ्यात माद्यांचे सहा-सहा उतरलेत. तुमच्या पेपरात दोन आहेत. खाली सही तुमचीच ना ही?"

धारूरकर वहीवर वाकले. वर बघितलं तेव्हा त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता. "बाईंची वाचण्यात काहीतरी चूक... वय झालं, नजर... काय बाई? सांगा ना तुम्हीच. पट्टी नीट लागली नसेल."

आवाजात हुकूम नव्हता. विनवणी होती. पंधरा वर्षं मनात हा प्रसंग घोळवताना बाईंनी त्यांना ओरडताना ऐकलं होतं, थरथरताना पाहिलं होतं. विनवणी कधी ऐकली नव्हती. ती ऐकायला इतकी गोड लागेल, असंही वाटलं नव्हतं.

"तो पेपर वेगळ्या वर्षीचा," धारूरकर घाईनं पुढं म्हणाले. "त्र्याहत्तरचं हवामानच निराळं होतं."

"असेल," नानासाहेब म्हणाले. "मग त्या वर्षीच्या मूळ नोंदी कुणी केल्या?"

पुंजारामनं दारातून बाईंकडं बघून नकारार्थी मान हलवली. लहानशी, मायेनं.

भानुमतीबाईंनी हात पुसले, पदर सारखा केला.

"मी केल्या," त्या म्हणाल्या. "माद्यांचं रक्त काढलंच नव्हतं. त्या आदल्या दिवशी पाण्यावाचून मेल्या होत्या. साहेबांनी सांगितले ते आकडे मी लिहिले. खोटे आहेत हे कळून लिहिले. माझं काय व्हायचं ते होऊ दे. मला लेखी जबाब द्यायचाय, आत्ता, यांच्यासमोर."