बार्ट टिअर्नीचा सोनेरी चेंडू

मी बेसबॉलचा एक जुना चेंडू आहे. माझ्यात काय काय होते, ते आधी मोजून सांगतो. मधोमध एक औंस रबराची गोळी, तिच्याभोवती घट्ट गुंडाळलेले लोकरीचे सूत, त्यावर घोड्याच्या कातड्याचे दोन तुकडे आणि ते जोडणारे मेण लावलेल्या दोऱ्याचे एकशे आठ टाके. सगळे मिळून वजन सव्वापाच औंस. याखेरीज माझ्यात काहीही नव्हते. मित्रांनो, हे ध्यानात ठेवा, कारण पुढे लोकांना माझ्यात बरेच काही दिसू लागले.

एका बाईने स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून मला शिवले. शेवटचा दोरा तिने दातांनी तोडला आणि मला खोक्यात टाकले. ते खोके उघडले कोल्टन फॉल्स गावात.

कोल्टन फॉल्स म्हणजे नदीकाठच्या कापडगिरण्यांचे गाव. तिथला संघ पेटिग्रूसाहेबांचा. गिरणीच्या फाटकासमोर त्यांचा गुत्ता होता. संघात चेंडू टाकणारे, म्हणजे पिचर, दोन होते. त्यातला एक भर हंगामात दुसऱ्या गावच्या संघाकडे पळाला आणि सगळे सामने बार्ट टिअर्नीच्या अंगावर पडले. आज खेळायचे, उद्या खेळायचे, परवा पुन्हा खेळायचे.

बार्ट आधी गिरणीत कापूस पिंजण्याच्या खोलीत कामाला होता. त्याने टाकलेला चेंडू सरळ येता येता फलंदाजापुढे अचानक वळत असे. चेंडू असा वळवायचा, तर सोडताना कोपराला पीळ द्यावा लागतो. तो सगळाच पीळ काही चेंडूबरोबर जात नाही, थोडा कोपरात मागे राहतो. हंगाम संपत आला तेव्हा बार्टला उजव्या हाताने केस विंचरता येत नव्हते.

गावाला यावर एकच उपाय माहीत होता. "यंत्र थांबलं की गंजतं," असे पेटिग्रूसाहेब म्हणत आणि सगळे माना डोलावत. म्हणून रोज सकाळी बार्टकडून लोखंडी गोळा फेकून घेत, सांधा गरम होईपर्यंत. यात कोणाच्या मनात पाप नव्हते. विश्रांतीने बरे झालेले यंत्र त्या गावात कोणी पाहिलेच नव्हते.

मी मैदानात उतरलो तो हंगामाचा शेवटचा सामना होता. जिंकणाऱ्याला अजिंक्यपदाचे निशाण मिळणार होते. त्या काळी एका सामन्याला एकच चेंडू असे. नऊ डावांपैकी आठव्या डावापर्यंत मी काळा पडलो होतो आणि मार खाऊन मऊ झालो होतो. मऊ चेंडू लांब जात नाही, म्हणून पिचरला तो हवासा वाटतो. आमच्या दोन धावा होत्या, त्यांची एक.

तेव्हा बार्टच्या बोटांतून मला काहीतरी जाणवले. ओल्या दोरखंडाचा एक पदर तुटावा, तसे. पुढच्या खेपेला मी वळलोच नाही. सरळ गेलो, आणि फलंदाजाने मला रेषेबाहेर, म्हणजे जिथे गेल्यास धाव मिळत नाही तिथे, कुंपणापलीकडे, नदीकाठच्या उंच गवतात भिरकावले.

नियम असा होता, की हरवलेला चेंडू पाच मिनिटे शोधायचा. तेवढ्यात नाही सापडला, तर पंच नवा काढणार. ओटो क्रेब्सला मी पहिल्याच मिनिटात सापडलो. ओटो म्हणजे आमचा कॅचर, बार्टचे चेंडू झेलून झेलून सगळी बोटे वाकडी झालेला माणूस. त्याने मला पाहिले, इकडेतिकडे बघितले आणि माझ्यावर बूट ठेवला.

बार्ट तिथे आला. दुसऱ्याचे मूल सांभाळावे, तसा त्याने उजवा हात डाव्यात धरला होता.

"सापडला?"

"नाही. खाली बस. शोधतोयस असं दाखव."

"ओटो, तुझा एक पाय वर आहे. चेंडूवर उभा आहेस तू."

"हळू बोल रे गाढवा! चार मिनिटं आहेत, तेवढाच आराम. हात सरळ कर बघू."

बार्टने करून पाहिले. हात सरळ होईना.

ओटोने त्याच्या कोपरावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "आज पुरे. उजव्या टोकाला उभा आहे ना, त्याच्याशी जागा बदल. नियमात बसतं."

"त्याच्याशी? त्याचा चेंडू माझी आजीसुद्धा टोलवेल."

"टोलवू दे. तेवढंच म्हातारीला बरं वाटेल."

बार्ट हसला, पण ते हसू पुरले नाही. "हरलो तर साहेब मला पुन्हा पिंजणखोलीत धाडतील, ओटो. तिथला धुरळा आठवतो ना? माझा बाप खोकत खोकत गेला त्यात."

"आणि हात गेला तर कुठे धाडतील?"

कुंपणावरून पेटिग्रूसाहेब ओरडले, "काय रे टिअर्नी, वनभोजनाला बसलास का? शोध! नवा कडक चेंडू आला, तर नदीपार मारतील ते!"

साहेबांचे म्हणणे खरे होते. पंचाने घड्याळ काढले.

"दे," बार्ट म्हणाला.

"अजून एक मिनिट आहे."

"दे रे. थंड पडला तर हा हात उचलायचाच नाही."

ओटोने बूट उचलला. मित्रांनो, मला पाय असते तर मी तेव्हाच नदीत उडी घेतली असती. पण चेंडूला जायचे ते दुसऱ्याच्या जोराने. उरलेला सामना बार्टने खांद्याच्या हिसक्यावर काढला. प्रत्येक फेकीला त्याच्या तोंडून निघणारा आवाज फक्त मला आणि ओटोला ऐकू येत होता. आम्ही दोन विरुद्ध एक असे जिंकलो.

जिंकलेल्या सामन्याच्या चेंडूला सोनेरी रंग देऊन त्यावर काळ्या अक्षरांत धावा लिहायची रीत होती. संध्याकाळी मी गुत्त्यातल्या फळीवर वाळत होतो. पेटिग्रूसाहेब खुशीत होते. वीराला नवा कोट शिवायचा म्हणून त्यांनी समोरच्या प्रॉसर शिंप्याला बोलावले.

"हात खाली सोड, टिअर्नी. सरळ."

"सुजलाय, मास्तर. आत्ता नाही व्हायचा."

"असू दे, असू दे. वसंतात मोजलं तेव्हा दोन्ही बाह्या साडेतेहतीस होत्या. तेच धरतो. सूज काय, उतरेलच."

कोट सुंदर झाला. हिवाळाभर उजव्या बाहीची कड बार्टच्या बोटांवर लोंबत राहिली.

पुढच्या वसंतात त्याने तीन सामन्यांत टाकून पाहिले. चेंडू वळेना. साहेबांनी त्याला गुत्त्यात बोलावले, पाठीवर हात ठेवला आणि मला दाखवले. "तुला विसरणार नाही रे आम्ही. हे बघ, काचेचं कपाट केलंय." मग संघातून त्याचे नाव काढले. पिंजणखोलीनेही त्याला घेतले नाही, तिथे गठ्ठे उचलायला दोन हात लागतात.

मला मात्र दर शनिवारी मऊ फडक्याने पुसत. एकदा परगावच्या एका व्यापाऱ्याने मला हातात घेऊन विचारले, "हा टाकला कोणी?" पेले भरणारा माणूस म्हणाला, "होता एक." बार्ट तिथेच, दोन हातांच्या अंतरावर उभा होता. पेला डाव्या हातात होता.

साहेब वारले, गुत्ता मोडला. कपाट प्रॉसरने बटणे ठेवायला नेले, त्याबरोबर मीही गेलो. माझी शिवण एका जागी उसवली आहे. आतली लोकर टाचण्या टोचायला बरी पडते. सोनेरी रंगाचे पोपडे निघाले, लिहिलेल्या धावांतली आता विरुद्ध संघाची एक तेवढी दिसते.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू शेवटी 'आमची निगा राखा' असे विनवतात. मी ते विनवणार नाही. माझी निगा फार चांगली राखली गेली. त्यातली निम्मी एका कोपराला मिळाली असती, तर मी आनंदाने गवतात कुजलो असतो. तुमच्या कपाटात असा चेंडू असेल, तर तो टाकणाऱ्याला घरी बोलवा आणि आधी त्याचा हात बघा.

परवा बार्ट दुकानात आला. केस पांढरे झालेले. ओटोने शब्द टाकला म्हणून गिरणीने त्याला पहारेकरी नेमले होते, त्याला कोट हवा होता. त्याने मला पाहिले.

"हा अजून आहे?"

"टाचण्यांना बरा आहे," प्रॉसर म्हणाला. "हवा तर घेऊन जा."

"नको. राहू दे."

"बाहीचं माप आहे माझ्या डोक्यात. साडेतेहतीस. तेच धरू?"

"नको मास्तर. या खेपेला मोजा."

प्रॉसरने माझ्यातून एक टाचणी काढून ओठांत धरली आणि फीत उलगडली. डावा हात साडेतेहतीस इंच भरला. उजवा एकतीस.