रेषेबाहेरची बाग

कऱ्हेकाठचं खोरं, वरचं माळरान आणि मधली शेतं मिळून राखीव क्षेत्र होणार, हे कळलं तेव्हा आप्पासाहेबांना आधी हसूच आलं. हरणांसाठी जागा राखायची म्हणजे सरकारला दुसरा उद्योग उरलेला नाही, असं त्यांचं मत पडलं. मत पाडण्यात आप्पासाहेबांचा हात धरणारा अख्ख्या मोरगावच्या शिवारात कुणी नव्हता.

मोजणीची माणसं डाळिंबाच्या बागेपाशी आली तेव्हा मात्र हसू मावळलं. बागेत त्यांचा जीव. पोरांचे वाढदिवस त्यांना बायकोला विचारावे लागत, पण कुठल्या ओळीचा बहार कधी धरला ते तोंडपाठ. त्या बागेत सरकारची रेषा? आप्पासाहेबांनी आपलं वजन वापरलं. वजन कसलं, चार माणसांना मटण खाऊ घातलं आणि एका साहेबाच्या गाडीचं दार उघडून धरलं! तेवढ्यावर नकाशातली रेषा बागेला वळसा घालून गेली.

शेजारच्या अल्लाबक्षची ज्वारी रेषेच्या आत गेली. आप्पासाहेब बांधावर उभे राहून म्हणाले, “काय रं, हरणांचा गडी केला की तुला सरकारनं!”

“पेरायला कुठं बंदी हाय, आप्पा? कारखाना काढता यायचा न्हाय म्हणं. मी कवा काढणार हुतो कारखाना?”

हा माणूस जन्मभर ज्वारीच खाणार, असं म्हणत आप्पासाहेबांनी बागेभोवती दुहेरी काटेरी तार ओढली आणि वर तारेत वीज सोडणारं झटका मशीन बसवलं. हरीणच काय, ससासुद्धा आत यायला नको होता त्यांना. आणि आलाही नाही.

तिसऱ्या वर्षी बागेला लागून असलेल्या टेकाडावर खडी क्रशर बसला. आप्पासाहेबांनी रेषेला घालायला लावलेल्या वळशात बागेसोबत ते टेकाडही बाहेर निघालं होतं. सगळ्या खोऱ्यात तेवढीच जागा मोकळी. क्रशरवाला भला माणूस, आप्पासाहेबांच्या घरी पेढे देऊन गेला.

दिवसरात्र भुकटी उडू लागली. फुलं गळाली, राहिलेली फळं पांढरी पडली. व्यापारी आला, एका डाळिंबावरून बोट फिरवलं आणि गाडीत जाऊन बसला. आप्पासाहेब त्या रात्री जेवले नाहीत. अजून एक बहार असा गेला तर झाडं उपटावी लागणार होती.

ते वनखात्यातल्या दीप्ती मॅडमकडे गेले.

“तुमची जमीन आणि टेकाड आत असतं तर क्रशर उभाच राहिला नसता,” मॅडम म्हणाल्या. “बाहेर आमचा अधिकार नाही.”

“मग आता घ्या की आमाला आत!”

“त्यासाठी तिथं वन्यप्राण्यांचा वावर दिसायला हवा. तुमच्या बागेत काय काय येतं?”

आयुष्यात पहिल्यांदाच आप्पासाहेबांना मत नव्हतं.

घरी येऊन त्यांनी स्वतःच्या हातानं तार सोडवली. वाटसरूला कधी तांब्याभर पाणी न विचारलेला हा माणूस आता हरणांसाठी सिमेंटची टाकी भरू लागला. भोवती हिरवा मका टाकू लागला. संध्याकाळी पंपाच्या खोलीआड मोबाइल सरसावून, खोकला दाबत बसायचा. फोटोत एक शिंग जरी आलं असतं तरी त्याला चाललं असतं. पण टेकाडावर क्रशर खडखडत होता, आणि एवढी अक्कल हरणांनाही असते.

शेवटी ते अल्लाबक्षच्या वस्तीवर गेले. खाली बघत म्हणाले, “अल्लाबक्षभाई, तुमच्याकडची दोन-चार हरणं आमच्या बागेकडं हाकलाल का?”

अल्लाबक्षला हसू यायला हवं होतं. पण त्याला कीव आली, आणि आप्पासाहेबांना ती दिसली.

“हाकलून जात्यात ती, आप्पा. हाकलून येत न्हाईत.”

आप्पासाहेब परत आले. टाकीतल्या पाण्यावर भुकटीची साय धरली होती. ती त्यांनी हातानं बाजूला केली, आणि पुन्हा खोलीआड जाऊन बसले.