बर्फातली पिंजण

दिनू, जरा जवळ सरक. मुंबईत बसून मोठ्या बहिणीचा राग ऐकू येत नाही, आणि तुला तर आताशा फक्त दूरचंच ऐकू येतं.

तुझं नाव मनात आलं की मला आधी कापूस दिसतो. मोताळ्याच्या आपल्या अंगणात उतरलेलं कार्तिकाचं तिरपं, कोवळं ऊन, कडुलिंबाच्या फांदीला टांगलेली उस्मानचाचा पिंजाऱ्यांची धनुष्यासारखी पिंजण, तिच्या ताणलेल्या तातीच्या तारेवर पडणारा लाकडी ठोका, आणि त्या शुभ्र तंतूंच्या धुक्यात मान डावीकडे कलती करून, एक डोळा मिटून बसलेला तू, सहा वर्षांचा. तुझी भाकरी गार व्हायची, माझ्या हाका वाया जायच्या. चाचा दोन ठोके मारायचे आणि तिसरा मुद्दाम रिकामा सोडायचे. तेवढ्या फटीत तू फूं करून नाकावरचा कापूस उडवायचास, मग ते हसून पुढचा ठोका द्यायचे. इतकं साधं होतं ते. पण त्या सुटलेल्या ठोक्यातच तुझ्यातला संगीतकार जन्मला, हे मी शपथेवर सांगेन.

मग तू दोन वर्षं परदेश हिंडलास. पत्रांतून गोठलेल्या नद्या यायच्या, निळसर संध्याकाळी यायच्या, दगडी पुलांवर थबकलेलं धुकं यायचं. चुलीपाशी वाचताना वाटायचं, या पोराच्या कानात ऋतू साठून राह्यले. तेव्हा राग नव्हता. प्रवासानं माणसाचं आभाळ वाढतं, एवढं मला मोताळा न सोडताही कळतं.

पण यंदा दिवाळीनंतर तुझी संगीतिका रेडिओवर लागली. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मीच चाचांना नेऊन बसवलं. बर्फाचा प्रवेश आला, सारी वाद्यं एकेक करून विरली आणि एकच तार मागे राहिली. दोन ठोके, तिसरा रिकामा. चाचांचा गुडघ्यावर ताल धरलेला हात नेमका तिथंच हवेत थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या धुरकट डोळ्यांत दिवा लावल्यासारखं काही उजळलं. आता तू नाव घेशील, म्हणून आम्ही दोघंही शेवटी लागलेली तुझी मुलाखत कान देऊन ऐकत बसलो. तू म्हणालास, ही तार तुला परदेशातल्या एका पुलावर, हिमवर्षावात, कुणा अनोळखी म्हाताऱ्याच्या वाद्यात सापडली.

काऊन रे? बर्फ तू पाहिलास, ते मी नाकारत नाही. पण बर्फ पाहून तुला जे आठवलं, तो आपल्या अंगणातला कापूस होता. पुलावरच्या परक्याला तू अख्खी संगीतिका बहाल केलीस आणि ज्यांच्या मांडीवर झोपायचास, त्यांना एक ओळ दिली नाहीस. पिंजारी म्हणायला जीभ जड झाली का तुझी, एवढ्या मोठ्या शहरात?

ओट्यावरून कुणी टोमणा मारलाच, "काय चाचा, तुमच्या पिंजणीचं लगन साहेबाच्या देशात लागलं वाटते." सगळे हसले. चाचा काठी चाचपत उठले आणि मला म्हणाले, "बर्फात बी कोनी पिंजत असन, बाई. थंडी तं तिकडं बी पडते ना."

ते चिडले असते तर माझा राग निम्मा झाला असता. त्यांच्या त्या समजूतदारपणानंच मला जाळलं आहे.

सध्या ते आपल्याच अंगणात रजईचा कापूस पिंजून राह्यले. "दिनूसाठी आहे," म्हणतात. तिसरा ठोका आता मुद्दाम सुटत नाही, हात थरथरतो म्हणून सुटतो. तरी त्या फटीत ते क्षणभर थांबतात, कुणीतरी फूं करील म्हणून. काळ दुसरं काय करतो, माणसाला उचलून नेतो आणि त्याच्या जागी एक रिकामा ठोका ठेवतो. तसं होण्याआधी त्याच ओट्यावर, चारचौघांत, त्यांच्या देखत त्यांचं नाव घे. ढिगात आता थोडाच कापूस उरलाय, दिनू. लवकर ये.