कुंती फुलावर होती तेव्हा

मी फवारणीचा पंप. पितळी, एका हाताने धरून दुसऱ्या हाताने दट्ट्या मारायचा. एका शिंप्याने मला जुन्या बाजारातून आणलं आणि घासूनपुसून लख्ख केलं. मला राबायचं होतं ते एकाच झुडपासाठी.

झुडूप कुंतीचं. पांढऱ्या, घमघमणाऱ्या फुलांचं. शिंप्याच्या मुलीने हट्टाने कुंपणाशी लावलेलं. पुढे मुलगी तापाने गेली, झुडूप वाढत राहिलं. आई रोज त्याच्यापाशी उभी राहून विचारायची, "जेवलीस का गं?" मग उत्तर ऐकावं तशी थांबायची. पडवीत खिळ्यावर टांगलेला मीसुद्धा कान द्यायचो.

एका वर्षी फांद्यांवर तपकिरी खवले दिसू लागले. प्रत्येक खवल्याखाली एक कीड रस शोषत बसलेली. पानं आधी चिकट झाली, मग काळी पडली.

"आजच मारा औषध," आई म्हणाली.

शिंपी भिंगातून फांदी बघत होता. "आत्ता उपयोग नाही. कवच घट्ट आहे, औषध आत जाणार नाही. पिल्लं बाहेर पडली की मारू. आणि झाड फुलावर आहे, मधमाश्या येतात. थोडं थांबू."

 ती हळूच म्हणाली, "तेव्हाही तुम्ही थांबूच म्हणालात. ताप उतरेल म्हणालात."

त्याने भिंग खिशात टाकलं आणि तो शिलाई मशीनवर जाऊन बसला. मशीनचा आवाज काही आला नाही.

दुपारी तिने मला उतरवलं, बाजारातलं जहाल औषध पोटात ओतलं आणि मी रिकामा होईपर्यंत फुलाफांद्यांवर मारलं.  संध्याकाळी झाडाखाली मधमाश्यांचा सडा पडला होता. काही अजून पाय हलवत होत्या. खवले मात्र जिथल्या तिथे.

ती खाली बसून एकेक माशी ओंजळीत वेचत राहिली. शिंपी आला. त्याने फांद्यांना चिकटपट्टी गुंडाळली. "पिल्लं चालायला लागली की हिला चिकटतील," एवढंच म्हणाला.

मग रोज सकाळी पट्टी तीच बघायची. फुलं गळून गेली. एक दिवस पट्टीवर पिवळी पूड दिसली, आणि पूड हलत होती.

"अहो, आता."

या वेळी माझ्यात साबणाचं पाणी आणि कडुनिंबाचं तेल होतं. तो दट्ट्या मारत होता, ती पानं उलटी करून धरत होती. मध्येच ती म्हणाली, "तिच्या वेळी कळायला असं काही नव्हतं ना हो?"

त्याचा हात थांबला. "नव्हतं," तो म्हणाला.

अर्धी कुंती वाळली, अर्धी वाचली. आता घरात प्लॅस्टिकचा नवा पंप आहे, आणि माझा वायसर कुजलाय. मोडीत द्यायचं तर खुशाल द्या. फक्त त्याआधी मला एकदा आतून नीट धुवा. त्या दुपारचा वास अजून माझ्या पोटातून जात नाही.