दुसरी संमती

काशीमीऱ्याला हायवेच्या कडेला, गॅरेजांच्या रांगेमागे जयकुमारशेठचं औषधांचं गोदाम होतं आणि त्या गोदामातले झाडून सगळे कॉम्प्युटर कौस्तुभ राऊत एकटा सांभाळत होता. मीरा रोडपासून वसईपर्यंतच्या केमिस्टांची बिलं तिथून निघायची. बिल निघालं नाही की टेम्पो हलत नसे आणि टेम्पो हलला नाही की शेठ कौस्तुभच्या नावानं हाका मारत येत. सुरुवातीला कौस्तुभला त्या हाकांचं बरं वाटायचं. आपल्यावाचून इथं पान हलत नाही, असं तो घरी नेत्राला सांगायचा.

मग नेत्राची बँकेतली बदली नाशिकला झाली. शाळा सुरू व्हायच्या आत तिनं निहारला घेऊन पुढे जायचं आणि कौस्तुभनं मागोमाग यायचं, असं ठरलं. सातपूरच्या एका कंपनीनं त्याला घ्यायचं कबूलही केलं. पण मागोमाग म्हणता म्हणता दिवाळी झाली. कौस्तुभनं राजीनामा दिला की शेठ तो वाचायचे, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवायचे आणि चहा मागवायचे. नाही म्हणायचे नाहीत, हो तर नाहीच नाही.

शेठ दुष्ट नव्हते. ते घाबरलेले होते. आदल्या वर्षी गोदामाच्या कॉम्प्युटरांत व्हायरस शिरला होता. ज्यानं कुणी तो सोडला त्यानं आधी ॲडमिनचा पासवर्ड मिळवला, बॅकअपच्या सगळ्या प्रती पुसल्या आणि मग उरलेल्या डेटाला कुलूप ठोकलं. पंधरवडाभर हातानं बिलं लिहावी लागली. अकाउंट्सच्या वासंतीताईंनी जुन्या चलनांवरून आणि कौस्तुभनं इकडच्यातिकडच्या फायलींवरून सगळा व्यवहार पुन्हा उभा केला. त्या दिवसांत शेठ खुर्ची ओढून कौस्तुभच्या मागे नुसते बसून राहायचे. तेव्हापासून कौस्तुभ जागेवर दिसला नाही की त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

म्हणून बॅकअपच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येणार असं कळलं, तेव्हा कौस्तुभनं तिची वाट पाहिली ती सुटकेची वाट पाहावी तशी. गोदामातला बॅकअप सर्व्हर म्हणजे काही वेगळा डबा नव्हता. एका मोठ्या मशीनच्या पोटात सॉफ्टवेअरनंच उभा केलेला तो सर्व्हर होता. नव्या आवृत्तीत तो स्वतःच आपल्या प्रती तपासणार होता. रोज घेतलेली प्रत गुपचूप चालू करून बघायची आणि ती धड असेल तर तिच्यापुढे हिरवी खूण करायची. बिलांचं मूळ मशीन बंद पडलं तर एका बटणावर काम थेट प्रतीवरून सुरू करता येणार होतं. घेतलेली प्रत मुदतीआधी कुणालाच पुसता येणार नव्हती, ॲडमिनलाही नाही. आणि कुठल्याही मोठ्या कामाला दोन माणसांची संमती लागणार होती, प्रत्येकानं आपापल्या मोबाईलवर द्यायची. एकाचा पासवर्ड चोरून आता कुणाला काही साधणार नव्हतं.

कौस्तुभनं एका रविवारी हे सगळं बसवलं. संमती देणाऱ्यांत त्यानं दोन नावं टाकली, आपलं आणि शेठचं. दुसरं कोण होतं? मग पुढचे काही दिवस त्यानं वासंतीताईंना शेजारी बसवून शिकवलं. त्या काशीगावच्या, पन्नाशी उलटलेल्या, हिशेबाला पक्क्या. हिरवी खूण बघायची, प्रत निवडायची, बटण दाबायचं, एवढं त्यांच्या लगेच लक्षात आलं.

"मग तुझं काम काय राहिलं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, ताई. तेच तर पाहिजे," कौस्तुभ म्हणाला.

त्यानं आपल्या जागी वासंतीताईंचं नाव घालायची विनंती सिस्टिममध्ये टाकली आणि तिथं तो अडकला. यादीत दोनच नावं, आणि दोनापेक्षा कमी चालत नव्हती. नाव बदलायचं तर यादीतल्या दुसऱ्याची संमती हवी. म्हणजे शेठची. विनंती शेठच्या मोबाईलवर गेली आणि तशीच पडून राहिली. मुदत संपली की ती आपोआप रद्द व्हायची, कौस्तुभ पुन्हा टाकायचा. शेठना विचारलं तर म्हणायचे, बघतो ना, चष्मा गाडीत राहिला. ज्या दाराला चोरासाठी कडी लावली ते आपल्यालाच आतून उघडत नाही, हे कौस्तुभला कळून चुकलं. आणि कडी लावणारा तोच होता, त्यामुळे चिडायचं तरी कुणावर?

दर शनिवारी तो नाशिकला जायचा आणि सोमवारी पहाटेच्या बोरिवली एसटीनं परतायचा. नेत्रानं आधी रोज विचारलं, मग आठवड्यानं, मग विचारणं सोडून दिलं. निहार मात्र बाबा परत कधी जाणार असं विचारायला लागला, पाहुण्याला विचारावं तसं.

अशाच एका सोमवारी एसटी घोडबंदर रोडनं येत येत वरसाव्याच्या खाडीपुलाअलीकडे थांबली. पुलाच्या तोंडाशी कंटेनर आडवा झाला होता. पुढे ट्रक, मागे ट्रक, डाव्या हाताला रिक्षांनी चेपलेली जागा. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि तेवढ्यात कौस्तुभचा फोन वाजला. बिलांचं मशीन सुरूच होत नाही, असं वासंतीताई सांगत होत्या. टेम्पो भरून उभे होते, ड्रायव्हर हॉर्न देत होते, शेठ मागे येरझाऱ्या घालत होते. कौस्तुभनं खिडकीतून बाहेर पाहिलं. उतरून चालायचं म्हटलं तरी गोदाम बरंच लांब होतं.

"ताई, घाबरू नका. आपण केलं होतं तसंच करायचं," तो म्हणाला. "सगळ्यात वरची प्रत बघा. हिरवी खूण आहे?"

"आहे."

"तिच्यावर जा आणि चालू करा."

त्याच्या मोबाईलवर संमतीची विचारणा आली. त्यानं ती दिली. तिकडे शेठना चष्मा लगेच सापडला असावा, कारण त्यांचीही आली. शेजारचा प्रवासी पुलाचं काय झालं म्हणून विचारत होता. कौस्तुभनं त्याला हातानंच थांबवलं. फोनमध्ये काही वेळ फक्त हॉर्न ऐकू येत राहिले. मग वासंतीताई म्हणाल्या, "पहिलं बिल निघालं रे."

कौस्तुभनं डोकं समोरच्या सीटला टेकवलं. आता शेठनाही पटलं असेल, असं त्याला वाटलं. दोन तासांनी तो गोदामात पोचला, तेव्हा शेठ खरंच खूश होते. त्यांनी ड्रॉवर उघडला, त्यातून राजीनामा काढला आणि कौस्तुभच्या समोर त्यावर सही केली.

"तू जा नाशिकला. बिनधास्त जा," शेठ म्हणाले. "आता मला कळला ना हा प्रकार. तू बसमध्ये बसून काम केलास. मग नाशिकला बसून कर, काय फरक? फक्त नाव राहू दे तुझा. ते काढायचा नाय."

कौस्तुभनं समजावून पाहिलं. नव्या नोकरीत दुसऱ्याचं काम चालणार नाही म्हणाला, काम तर वासंतीताईंनीच केलं म्हणाला. शेठ ऐकत होते आणि मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "ती चांगलीच आहे. पण तू फोनवर होतास म्हणून ती करू शकली. तू नसशील तर मला झोप नाय लागणार, कौस्तुभ."

संध्याकाळी तो जिन्याखालच्या चहाच्या जागी वासंतीताईंजवळ बसला आणि मनात आलेलं त्यानं सगळं सांगितलं. त्यांचं नाव तिसरं म्हणून टाकलं तर शेठ नाही म्हणणार नाहीत, एक माणूस वाढतोय म्हटल्यावर आनंदानं बटण दाबतील. तीन नावं झाली की त्याचं नाव काढायला शेठची गरज उरणार नाही, वासंतीताईंची संमती पुरेल. हे बोलताना तो त्यांच्याकडे बघत नव्हता. त्यांचे यजमान सुभाषराव अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले होते. त्यांना कुशीवर वळवण्यापासून भरवण्यापर्यंत सगळं वासंतीताईच करायच्या. दिवसाची बाई सहाला निघून जायची आणि त्यानंतर त्या घरात दुसरं कुणी नसायचं. कौस्तुभला हे माहीत होतं.

वासंतीताईंनी चहा संपवला, कप विसळून ठेवला.

"म्हणजे हे माझ्या गळ्यात पडणार," त्या म्हणाल्या.

"हो, ताई."

"शेठ मलाही सोडायचे नाहीत."

नको म्हणा, असं तरी त्यानं म्हणायला हवं होतं, पण ते शब्द तोंडातून निघाले नाहीत. त्याला निहारचा प्रश्न आठवत होता.

"टाक," वासंतीताई म्हणाल्या. "मी तशीही कुठे जाणार आहे? पण मी फोन केला की उचलायचा."

त्यानं शब्द दिला.

शेठनी तिसऱ्या नावाला चष्म्याशिवायच संमती दिली. कौस्तुभच्या शेवटच्या दिवशी, सगळे त्याला पेढे भरवून आपापल्या जागी गेल्यावर, त्यानं आपलं नाव काढायची विनंती टाकली. पलीकडच्या टेबलावर वासंतीताईंचा मोबाईल उजळला. त्यांनी तो बराच वेळ हातात धरून ठेवला. मग अंगठा टेकवला आणि पुढचं व्हाउचर ओढून घेतलं. यादीत दोन नावं उरली.

शेठना हे कळलं, तेव्हा त्यांचा एकच फोन आला. ते रागावले नाहीत. ठीक आहे, वासंती आहे ना, एवढंच म्हणाले. त्यापेक्षा ते ओरडले असते तर कौस्तुभला बरं वाटलं असतं.

नाशिकला घडी बसत गेली. निहार त्याच्या स्कूटरवर बसून शाळेत जायला लागला, नेत्रा पुन्हा जेवताना बोलायला लागली. वासंतीताईंचे फोन येत. सुरुवातीला कारणं किरकोळ असायची, हिरव्याऐवजी पिवळी खूण का आली, असली. तो उचलायचा, सांगायचा. पुढे पुढे फोन रविवारीही यायला लागले, कारण शेठ आता दर रविवारी त्यांच्याकडून प्रती तपासून घेत होते. एकदा वासंतीताईंना भावाकडच्या साखरपुड्याला पालघरला जायचं होतं. शेठ म्हणाले, कोण बघणार? त्या गेल्या नाहीत. हे त्यांनी सांगितलं तेही तक्रार म्हणून नाही, बोलता बोलता.

एका रविवारी कौस्तुभ निहारला घेऊन सोमेश्वरच्या धबधब्यावर गेला होता. फोन आला. संमती द्यायची होती, पण वासंतीताईंना बटण सापडत नव्हतं. नवा बदल आला होता आणि मोबाईलचा पडदा वेगळाच दिसत होता. त्यांना शेठचे तीन फोन येऊन गेले होते. बोलता बोलता मागून सुभाषरावांची हाक ऐकू आली, शब्द न फुटणारी, लांबलेली. "आले हो," वासंतीताई म्हणाल्या, पण फोन त्यांनी ठेवला नाही.

कौस्तुभनं त्यांना बटण सांगितलं. काम झालं. मग न राहवून तो म्हणाला, "ताई, तुम्ही अजून एखादं नाव टाकून घ्या ना. मी केलं तसं."



"टाकते की," वासंतीताई म्हणाल्या. "कुणाचं टाकू, तेवढं सांग."

गोदामातली माणसं त्यानं एकेक करून मनात आणली. प्रत्येकाचं घर त्याला ठाऊक होतं. निहार लांबून त्याला हाक मारत होता. मागे सुभाषराव पुन्हा हाका मारायला लागले, तेव्हा वासंतीताई म्हणाल्या, "राहू दे, नंतर सांग," आणि त्यांनी फोन ठेवला.